पिंपातला थेंब

पालघर जिल्ह्यात दाभोसा इथे लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते. जुलैत तिथे उभं राहिलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरपठारावर पडलेला पाऊस ओहोळ-ओहोळ करत तिथे येऊन कोसळत असतो. हा पाऊस किती पडला, हे ठरवणारं साधन मात्र अगदी लहान असतं. एक नरसाळं, त्याखाली एक बाटली आणि एक काचेचं मोजपात्र.

भारतात रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक उघडला जातो. मागच्या चोवीस तासांत बाटलीत साठलेलं पाणी मोजपात्रात ओततात, आकडा वहीत लिहितात, पाणी फेकून देतात आणि रिकामी बाटली पुन्हा जागेवर ठेवतात. आपल्याकडच्या प्रमाणित पर्जन्यमापकाच्या एका प्रकारात नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं. त्यामुळे १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत २० घनसेंटिमीटर पाणी आणि ०.१ मिलिमीटर म्हणजे फक्त २ घनसेंटिमीटर, चमच्याचा तळ ओला होईल इतकं.

आता एक कल्पना करू. रोज बाटली रिकामी करण्याचा कंटाळा आला म्हणून कोणी नरसाळ्याखाली मोठं पिंपच ठेवलं. जव्हार परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, म्हणजे वर्षाअखेर पिंपात ६० लिटर पाणी जमेल. आतल्या बाजूला पट्टी लावली आहे, रोज सकाळी पातळी वाचायची आणि तिच्यातून कालची पातळी वजा करायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे ठीक चालेल. पण सप्टेंबर संपताना रिमझिम झाली आणि ५५ लिटर पाण्यात २ घनसेंटिमीटरची भर पडली, तर पट्टीवर काय दिसणार? काहीच नाही. थेंब पडला खरा, पिंपाला तो कळला नाही. सव्वाशे वर्षांचा पाऊस असाच साठवत गेलो तर जवळजवळ ७,५०० लिटर होतील, उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर येणाऱ्या टँकरच्या मापाचे. त्या टँकरात २ घनसेंटिमीटर शोधून दाखवा!

संगणक सरासरी काढतो तेव्हा नेमकं हेच घडू शकतं. मोठ्या बेरजेत लहान आकडा मिसळला की तो अंशतः किंवा पूर्णपणे हरवतो. हरवल्याची सूचना कुठेही येत नाही. पडद्यावर सहा-सात अंकांचं नीटनेटकं उत्तर उमटतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. हा थेंब कसा हरवतो, तो वाचवायचा कसा आणि वाचवताना संगणकाची मेमरी किती खर्च होते, हे या प्रकरणात पाहू.

पुण्यात विणलेलं जाळं

भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयाने देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून एक जाळं विणलं आहे. डी. एस. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विभागाच्या ‘मौसम’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरल्या होत्या. भारताच्या नकाशावर पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाच्या अंतराने बिंदू आखायचे आणि १९०१पासूनच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक बिंदूवर किती पाऊस झाला, ते अंदाजायचं. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिण-उत्तर १२९ बिंदू, मिळून १७,४१५. त्यांतला २० उत्तर अक्षांश आणि ७३.२५ पूर्व रेखांशाचा बिंदू जव्हार-दाभोसा परिसराचा.

आता हिशेब करू. १९०१ ते २०२४ या १२४ वर्षांत ४५,२९१ दिवस येतात. प्रत्येक दिवशी १७,४१५ आकडे, म्हणजे एकूण सुमारे ७८ कोटी ८७ लाख आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटांत साठवला तरी ३.१५ गिगाबाइट होतात. तोच ८ बाइटांत साठवला तर ६.३ गिगाबाइट.

एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडे ८ गिगाबाइट मेमरीचा लॅपटॉप आहे असं धरू. त्यातली काही मेमरी आधीच इतर कामांत अडकलेली असते. हे सगळे आकडे एकदम उघडून प्रत्येक बिंदूची सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप, मागितलं, तर लॅपटॉप धापा टाकू लागतो. प्रमाण विचलनासाठी सॉफ्टवेअर बहुधा आधी सरासरी काढतं, मग प्रत्येक आकड्यातून ती वजा करतं. या वजाबाक्या ठेवायला मूळ माहितीइतकाच मोठा आणखी एक तक्ता तात्पुरता तयार होतो. ३.१५चे पाहता पाहता ६.३ होतात. म्हणून मनात येतं, की ८ बाइटांची चैन नको, ४ बाइटांतच सगळं उरकू. मेमरी वाचते, आणि पिंपातला थेंब हरवायला सुरुवात होते.

खुणा विरळ होत जाणारी पट्टी

४ बाइट म्हणजे ३२ बिट. या आकाराच्या दशांश संख्येला संगणकाच्या भाषेत सिंगल प्रिसिजन म्हणतात. त्यातले अंकांसाठी म्हणून वापरात येणारे बिट २४. आपल्या दशमान पद्धतीत सांगायचं तर सुमारे सात अंक लक्षात राहतात, त्यापुढचे राहत नाहीत.

हे एका विलक्षण पट्टीसारखं आहे. १ ते २ या अंतरात या पट्टीवर सुमारे ८४ लाख खुणा आहेत. २ ते ४ या दुप्पट अंतरातही तेवढ्याच. ४ ते ८मध्येही तेवढ्याच. म्हणजे शून्यापासून जितकं दूर जावं तितक्या खुणा विरळ होतात. बेरजेचं उत्तर दोन खुणांच्या मध्ये पडलं तर संगणक ते जवळच्या खुणेवर सरकवतो.

जव्हारच्या बिंदूची १२४ वर्षांची बेरीज ३,७२,००० मिलिमीटरच्या आसपास जाईल. तिथे शेजारच्या दोन खुणांमधलं अंतर ०.०३१२५ असतं. त्यात ०.१ मिलिमीटरची रिमझिम मिळवली तर प्रत्यक्षात तीन खुणा, म्हणजे ०.०९३७५ मिळवले जातात. नुकसान फार नाही. पण बेरीज २०,९७,१५२वर पोहोचली की खुणांमधलं अंतर ०.२५ होतं. आता ०.१ मिळवा, बेरीज तिथेच. पुन्हा मिळवा, तिथेच. दिवसभर मिळवत बसा, आकडा हलणार नाही. देशभरच्या सगळ्या बिंदूंची बेरीज एकाच खात्यात करत गेलो आणि ती ५३ कोटी ६८ लाखांच्या पुढे गेली, तर अंतर ६४ होतं. मग ३२ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा दिवस त्या बेरजेला दिसतच नाही. शेतात इतका पाऊस झाला तर आवणीची घाई सुरू होते!

याचं एक जुनं उदाहरण संगणकशास्त्रात नेहमी दिलं जातं. ०.१ हा आकडा एक कोटी वेळा मिळवला तर उत्तर १० लाख यायला हवं. सिंगल प्रिसिजनमध्ये एकापाठोपाठ एक मिळवत गेल्यास १०,८७,९३७ येतं. चूक जवळजवळ नऊ टक्के, आणि तीही वरच्या दिशेने. कारण बेरीज सव्वापाच लाखांच्या पुढे गेल्यावर प्रत्येक ०.१च्या जागी ०.१२५ मिळवले जातात. खुणा इतक्या विरळ झालेल्या असतात की जवळची खूण तीच असते.

प्रत्यक्ष व्यवहारातही असं घडलेलं आहे. कॅनडातल्या व्हॅन्कूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२मध्ये १,०००वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर नवा निर्देशांक काढताना तीन दशांशस्थळांपुढचे अंक छाटले जात, जवळच्या अंकावर नेले जात नसत. छाटणी नेहमी खालच्याच दिशेने. २२ महिन्यांनी निर्देशांक ५२४ दाखवत होता. फेरहिशेब केला तेव्हा खरा आकडा १,०९८ निघाला. बाजार वर गेला होता, पण बेरीज करणारं यंत्र रोज चिमूट-चिमूट खाली आणत होतं.

सर्वात सोपा उपाय म्हणजे बेरजेचं भांडं बदलणं. आकडे ४ बाइटांतच राहू द्यावेत, पण बेरीज ज्या जागी जमते ती जागा ८ बाइटांची ठेवावी. ८ बाइटांत ५३ बिट अंकांसाठी मिळतात, म्हणजे १५-१६ दशमान अंक. ७८ कोटी आकड्यांसाठी आपण भांडं एकच बदललं, त्यामुळे मेमरीचा खर्च वाढला फक्त ४ बाइटांनी. संगणकावरच्या सांख्यिकीतला हा बहुधा सर्वात स्वस्त सौदा असेल.

पायथन भाषेतल्या नमपाय या लोकप्रिय संग्रहाच्या दस्तऐवजात हाच इशारा उदाहरणासह दिला आहे. अर्धे आकडे १ आणि अर्धे ०.१ घेतले तर सरासरी ०.५५ यायला हवी. सिंगल प्रिसिजनमध्ये ०.५४९९९९२४ येते. बेरीज ८ बाइटांत केली की ०.५५०००००००७४५ अशी येते. शेवटी राहिलेली ती ७४५ची शेपटी नीट पाहा. ०.१ आधीच ४ बाइटांत कोंबला गेला तेव्हाच तो किंचित बदलला होता. नंतर कितीही मोठं भांडं आणलं तरी नरसाळ्याबाहेर सांडलेलं पाणी परत येत नाही.

दहावीतला गृहीतमध्य

आतापर्यंत सरासरीबद्दल बोललो. पण जव्हार-मोखाड्याला सरासरी एकटी पुरत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटर म्हणजे रोजचे साधारण ८ मिलिमीटर, असं सांगणारा आकडा गणिताने बरोबर आणि माहिती म्हणून निरुपयोगी आहे. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरींचे तळ दिसतात. म्हणून आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, हे सांगणारं प्रमाण विचलन लागतं.

पुस्तकात त्याचं एक सुटसुटीत सूत्र असतं. सगळ्या आकड्यांच्या वर्गांची सरासरी घ्या, तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा. हे सूत्र मेमरीच्या दृष्टीने मोहात पाडणारं आहे. एक बेरीज आकड्यांची, एक बेरीज वर्गांची, एवढंच जवळ ठेवायचं. आकडे एकेक येऊन जाऊ द्यायचे. माहितीवरून एकदाच फिरलं की काम झालं. आणि इथेच अचूकतेचा सर्वात मोठा खड्डा आहे.

डहाणूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेचा दाब १,००० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. समजा तीन वाचनं आली: १०००.१, १०००.२ आणि १०००.३. दशांश टाळण्यासाठी ती १०००१, १०००२ आणि १०००३ अशी लिहू. आपल्याकडे फक्त सहा अंक लक्षात ठेवणारं यंत्र आहे. पहिल्याचा वर्ग १०,००,२०,००१. सहाच अंक ठेवायचे म्हणून १०,००,२०,०००. दुसऱ्याचा १०,००,४०,०००, तिसऱ्याचा १०,००,६०,०००. या तिघांची सरासरी १०,००,४०,०००. आता सरासरीचा, म्हणजे १०००२चा वर्ग, सहा अंकांत १०,००,४०,०००. वजाबाकी शून्य! यंत्र सांगतं की दाब तिन्ही वेळा अगदी सारखा होता. खरं उत्तर दोन तृतीयांश आहे.

दोन अवाढव्य आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे सारखे अंक एकमेकांना खातात. उरतात ते शेवटचे अंक, आणि नेमके तेच आपण आधी फेकलेले असतात. कधी कधी तर उत्तर उणे येतं आणि उणे संख्येचं वर्गमूळ काढायला गेलेला प्रोग्राम अडतो. तो अडला तर निदान चूक कळते. न अडता चुकीचं उत्तर दिलं तर तेही कळत नाही. अनेक जागतिक हवामान-संचांत तापमान केल्विनमध्ये असतं. आपल्याकडचं तापमान म्हणजे ३०० केल्विनच्या आसपास, त्याचा वर्ग ९०,०००. ४५,२९१ दिवसांच्या वर्गांची बेरीज ४०० कोटींवर जाते आणि तिथे सिंगल प्रिसिजनच्या पट्टीवर दोन खुणांमधलं अंतर २५६ असतं. चार-पाच अंशांचा चढउतार मोजायला निघालेल्याने अशी पट्टी हातात घ्यायची का?

मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्येही २००३च्या आवृत्तीच्या आधीपर्यंत प्रमाण विचलनासाठी हेच सुटसुटीत सूत्र वापरलं जात होतं. त्या आवृत्तीत ते बदललं आणि आधी सरासरी, मग विचलनं, अशी दोन फेऱ्यांची रीत आली.

या खड्ड्यातून बाहेर पडायची एक वाट महाराष्ट्रातल्या दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गिरवलेली असते: गृहीतमध्य पद्धती. आकड्यांच्या जवळपासची एक सोयीची संख्या मध्य म्हणून धरायची, प्रत्येक आकड्यातून ती वजा करायची आणि उरलेल्या लहान संख्यांवर हिशेब करायचा. आपल्या उदाहरणात गृहीतमध्य १०,००० धरा. उरले १, २, ३. वर्ग १, ४, ९, त्यांची सरासरी चौदा तृतीयांश. सरासरी २, तिचा वर्ग ४. वजाबाकी दोन तृतीयांश. त्याच सहा अंकांच्या यंत्रावर अचूक उत्तर!

शाळेत ही पद्धत हाताने करायचे गुणाकार सोपे व्हावेत म्हणून शिकवतात. कॅल्क्युलेटर आल्यावर ती कालबाह्य झाली असं अनेकांना वाटतं. खरं तर संगणकाला तिची गरज माणसाहून जास्त आहे, कारण माणसाला मोठा आकडा लिहायला कागद वाढवता येतो. संगणकाच्या आकड्याची जागा आधीच ठरलेली असते.

टिफ्रॅकच्या काळातली युक्ती

पण गृहीतमध्य धरायचा कोणता? आकडे अजून यायचे असतील तर ते कसे असतील, हे आधी कसं कळणार?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली भारतात घडवलेला टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १० किलोबाइट. आपल्या पावसाच्या जाळ्यातला एकच दिवस ७० किलोबाइटांचा आहे. टिफ्रॅकला तो एक दिवससुद्धा सात घासांत खावा लागला असता. त्या काळात सगळे आकडे डोळ्यांसमोर मांडून दुसरी फेरी मारणं ही मोठी चैन होती.

त्याच १९६२ साली बी. पी. वेलफर्ड यांनी ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. पुढे डोनाल्ड कनुथ यांनी ते आपल्या ग्रंथात घेतलं आणि ते जगभर पोहोचलं. वेलफर्डची युक्ती अशी, की गृहीतमध्य आधीपासून ठरवूच नका. आतापर्यंतची सरासरी हाच तुमचा मध्य. नवा आकडा आला की तो सरासरीला थोडा आपल्याकडे ओढतो, आणि पुढच्या आकड्यासाठी सरकलेली सरासरी वापरायची.

जवळ फक्त तीन गोष्टी ठेवायच्या: आतापर्यंत किती आकडे आले, त्यांची सरासरी, आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज. आपल्याच उदाहरणावर पाहू. पहिला आकडा १०००१. सरासरी १०००१, वर्गांची बेरीज ०. दुसरा आकडा १०००२. जुन्या सरासरीपासून तो १ने दूर आहे. आता आकडे दोन, म्हणून सरासरी त्या अंतराच्या निम्म्याने सरकते आणि १०००१.५ होते. नव्या सरासरीपासून आकड्याचं अंतर ०.५. जुनं अंतर गुणिले नवं अंतर, म्हणजे ०.५, हे वर्गांच्या बेरजेत मिळवायचं. तिसरा आकडा १०००३. जुनं अंतर १.५, सरासरी त्याच्या एक तृतीयांशाने सरकून १०००२ होते, नवं अंतर १. गुणाकार १.५. बेरीज झाली २. भागिले ३, उत्तर दोन तृतीयांश. कुठेही नऊ अंकी वर्ग आला नाही, एकही आकडा दुसऱ्यांदा पाहावा लागला नाही.

ही रीत भारताच्या जाळ्याला लावू. प्रत्येक बिंदूसाठी ८ बाइटांची सरासरी आणि ८ बाइटांची वर्गांची बेरीज, १७,४१५ बिंदूंसाठी मिळून सुमारे २.८ लाख बाइट. त्यात त्या दिवसाचं जाळं ७० हजार बाइट. म्हणजे साडेतीन लाख बाइटांत १२४ वर्षांचं काम बसतं. तीन गिगाबाइटांच्या जागी अर्ध्या मेगाबाइटहूनही कमी, आणि उत्तर त्या सुटसुटीत सूत्रापेक्षा कितीतरी खात्रीचं. बदल्यात प्रत्येक आकड्यामागे एक भागाकार जास्त करावा लागतो, एवढीच किंमत.

पर्जन्यमापक पुन्हा आठवा. रोज मोजायचं, नोंदवायचं, बाटली रिकामी करायची. पाणी साठवण्याची गरज नाही, नोंद पुरते. वेलफर्डचा प्रोग्राम हीच शिस्त पाळतो.

जव्हार आणि मोखाडा एकत्र करताना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. जव्हार आणि मोखाडा त्यांत आले. आता पालघरची सांख्यिकी हवी असेल तर काय करायचं?

समजा एका केंद्राची १० वर्षांची सरासरी ३,००० आहे आणि दुसऱ्याची ३० वर्षांची २,६००. दोन्हींची मधली संख्या २,८०० म्हणून लिहिली तर ते चूक. सर्व ४० वर्षांची सरासरी २,७०० येते. सरासरी एकटी फिरायला निघाली की अशी फसगत होते, तिच्याबरोबर आकड्यांची संख्या असलीच पाहिजे. टोनी चॅन, जीन गोलब आणि रँडल लेव्हेक यांनी १९७९च्या सुमारास वेलफर्डच्या तिन्ही गोष्टी जोडण्याची रीत दिली. दोन गटांच्या वर्गांच्या बेरजा एकत्र करायच्या आणि दोन सरासऱ्यांमधल्या अंतरामुळे येणारी भर त्यात घालायची. प्रत्येक तालुक्याने आपल्या तीन संख्या पाठवाव्यात, मूळ वह्या पाठवायची गरज नाही. आजचे महासंगणक हजारो प्रोसेसरांमध्ये काम वाटून घेतात तेव्हा असेच तालुके पाडतात.

उलटही करता येतं. जुन्या ठाण्याच्या संख्यांमधून पालघरच्या वजा करून उरलेलं ठाणे काढता येतं. पण वजाबाकी आली की मघाचा खड्डा पुन्हा समोर येतो. म्हणून शहाण्याने जिल्ह्याची एकच बेरीज जपू नये, तालुक्यांचे तुकडे जपावेत. जिल्हे मोडतात आणि जोडले जातात, तुकडे असतील तर कोणतीही जोडणी नव्याने करता येते.

तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. ४५,२९१ आकडे एकामागून एक मिळवले तर पहिल्या आकड्याला ४५ हजार वेळा खुणेवर सरकवण्याचा धक्का बसतो. त्याऐवजी कबड्डीच्या सामन्यांसारख्या जोड्या लावा. दोघांची बेरीज, मग त्या बेरजांच्या जोड्या, मग त्यांच्याही. आता कोणत्याही आकड्याला अंतिम बेरजेपर्यंत जास्तीत जास्त १६ पायऱ्या लागतात. नमपायमध्ये २०१४पासून अशी जोडीने बेरीज होते, पण एक अट आहे. मेमरीत शेजारी-शेजारी असलेल्या आकड्यांनाच तिचा लाभ मिळतो. पावसाचं जाळं दिवसवार रचलेलं असतं, म्हणून जव्हारच्या एका बिंदूचे आकडे एकमेकांपासून १७,४१५ घरं दूर असतात. दिवसांवरून सरासरी काढली की बेरीज पुन्हा एकापाठोपाठ एक होते. आज्ञा तीच, आकडे तेच, अचूकता निराळी. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस भांडं ८ बाइटांचं सांगायला विसरत नाही.

आणि भांडं मोठं करताच येत नसेल तर? त्यावर विल्यम काहान यांनी १९६५मध्ये दिलेला उपाय आपल्या एसटीच्या कंडक्टरला चांगला माहीत आहे. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरताना हिशेब चुकता करतो. काहान यांच्या रीतीत प्रत्येक बेरजेनंतर जवळच्या खुणेवर सरकताना किती सुटलं, ते एका वेगळ्या जागी लिहून ठेवतात आणि पुढच्या आकड्यात मिळवतात. ०.१ची एक कोटी वेळा बेरीज या रीतीने सिंगल प्रिसिजनमध्येच केली तर १० लाख येतात. मेमरी लागते एका जास्तीच्या आकड्याची. फक्त एक सावधगिरी हवी. वेगासाठी कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, बीजगणिताची पूर्ण मोकळीक दिली तर कागदावरच्या गणिताप्रमाणे ही बाकी शून्यच असणार असं धरून तो ती ओळच काढून टाकू शकतो. पुढे काहान यांच्या पुढाकाराने १९८५मध्ये दशांश संख्यांचं जागतिक मानक आलं आणि १९८९मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

जिथे तीन संख्या पुरत नाहीत

मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, हा असा तीन संख्यांत मावत नाही. कोणता आकडा मधोमध येईल, हे सगळे आल्याशिवाय कळत नाही. पण पावसाचं मोजमाप ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांत असतं, आणि तिथे एक वाट आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जव्हारच्या एका पर्जन्यमापकासाठी ० ते १,००० मिलिमीटरची सुमारे दहा हजार घरं आखा आणि रोजच्या नोंदीनुसार त्या घरात एक खूण करा. ४० किलोबाइटांत मध्यकच काय, ‘शंभरातल्या सर्वात मोठ्या पाच दिवसांचा पाऊस’ही अचूक सापडतो. अवकाळीने किंवा अतिवृष्टीने पिकाचं किती नुकसान होऊ शकतं, याचे हिशेब अशाच टोकाच्या दिवसांवर उभे असतात.

आणि एक साधी चूक, जी मोठमोठ्या युक्त्यांना हरवते. पावसाच्या जाळ्यात जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. जुलैच्या ३१ दिवसांपैकी ३० दिवस रोज ३० मिलिमीटर पाऊस झाला आणि एका दिवसाची नोंद नसली, तर ते उणे ९९९ न गाळता काढलेली सरासरी उणे ३.२ येते. दाभोसा धबधबा उलटा वाहत होता, असं सांगणारा हा आकडा आहे. इथे चूक डोळ्यांत भरते. पण अशी एकच नोंद १२४ वर्षांत असेल तर ती सरासरीत विरघळून जाते, आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

म्हणून कोणत्याही मोठ्या आकडेमोडीआधी ती आकड्यांच्या छोट्या गटावर, हाताने पडताळता येईल अशी करून पाहावी. सगळ्या आकड्यांत एक मोठी संख्या मिळवून प्रमाण विचलन पुन्हा काढावं. ते बदलता कामा नये. बदललं तर प्रोग्राम वर्गांच्या खड्ड्यात पडला आहे असं समजावं.

हे सगळं इतक्या बारकाईने का करायचं, असं कोणी विचारेल. ०.१ मिलिमीटरने काय बिघडतं? जव्हार-मोखाड्याला पाण्याचं नियोजन, नागली-वरईच्या पेरणीचा अंदाज आणि विम्याचे निकष याच आकड्यांवर ठरतात, हे एक उत्तर. मला त्याहून जवळचं वाटतं ते दुसरं. त्या ०.१साठी कोणीतरी भर पावसात सकाळी साडेआठला बाहेर गेलं, बाटली उचलली, २ घनसेंटिमीटर पाणी मोजपात्रात ओतलं, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचलं आणि वहीत लिहिलं. १९०१पासून असं लिहिलं जात आहे. त्या वहीत ०.१ लिहिलेलं असेल तर आपल्या बेरजेतही ०.१च मिळवला गेला पाहिजे.